विष कुठं पोहोचतं, औषध कुठं पोहोचवायचं? बडोद्याच्या प्रयोगशाळांतल्या संशोधनाची गोष्ट

कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, माणूस वाचेल ना? तो साहजिकच आहे. पण पेशंट वीस-पंचवीस वर्षांची मुलगी किंवा नुकतंच लग्न ठरलेला मुलगा असेल, तर त्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. या औषधांनंतर मूलबाळ होईल का? हा प्रश्न ओपीडीत बऱ्याचदा विचारलाच जात नाही. घरच्यांना संकोच वाटतो, डॉक्टरांसमोर रांग असते, आणि केमोची तारीख जवळ आलेली असते.

या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाच्या दोन शाखा मिळून देतात. पहिली शाखा प्रजनन विषशास्त्राची. एखादं रसायन अंडाशयावर, वृषणावर, गर्भावर काय परिणाम करतं, हे ती तपासते. दुसरी औषध-वहनाची, म्हणजे औषध नेमकं हव्या त्या जागी कसं न्यायचं, हे शोधणारी. या दोन्ही शाखांवर एकाच विद्यापीठाच्या आवारात वर्षानुवर्षं काम झालं, असं ठिकाण नवापूर-नंदुरबारच्या मंडळींना परकं नाही. ते म्हणजे बडोदा.

मराठी माणसाच्या ओळखीचं गाव

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हे या भागातलं लहान पोरगंही सांगेल. सीमेच्या अलीकडं-पलीकडं राहणाऱ्यांसाठी सुरत, बडोदा ही दवाखान्याची आणि कॉलेजची नेहमीची गावं. बडोद्यात तर मराठी आजही कानावर पडतं. गायकवाडांच्या राज्यात आलेल्या मराठी कुटुंबांच्या कितीतरी पिढ्या दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या आसपास वाढल्या.

विज्ञानाचा वारसाही त्याच काळापासूनचा. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केलं. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख होते. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढं 1907 मध्ये गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि बी. डी. अमीन यांनी बडोद्यात अलेम्बिक कंपनी उभी केली. त्यातल्या कोटीभास्करांचं नाव मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. औषधनिर्मिती इथं रुजली ती अशी. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि कलाभवन त्याचाच भाग झालं. स्वातंत्र्यानंतर रिफायनरी आली, खत कारखाना आला, पेट्रोकेमिकल आलं. कारखान्यांचं सांडपाणी खंभातच्या आखातापर्यंत नेण्यासाठी पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीचा कालवा बांधावा लागला. तो 1983 पासून चालू आहे.

औषधं आणि रसायनं अशी शेजारी-शेजारी असलेल्या शहरात विषाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तयार झाले, यात नवल नाही.

शिसं आणि कॅडमियम: एकत्र आले तर?

विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागात प्रा. सरिता गुप्ता यांनी एक सरळ प्रश्न हाती घेतला. बाजारात, हवेत, पाण्यात माणसाला एकच एक विषारी धातू भेटत नाही. शिसं असतं तिथं बऱ्याचदा कॅडमियमही असतं. मग प्रयोगशाळेत दोघांचा अभ्यास वेगवेगळा का करायचा? दोन्ही एकाच वेळी शरीरात गेले तर स्त्रीच्या प्रजननसंस्थेचं काय होतं?

2002 पासून पुढच्या दहा वर्षांत या गटाचे शोधनिबंध एकामागून एक आले. मादी उंदरांना या धातूंची छोटी मात्रा देऊन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीपासून यकृत, अंडाशय आणि वारेपर्यंत काय बदलतं ते तपासलं गेलं. पुढं नर उंदरांच्या वृषणावरही काम झालं. डॉ. लक्ष्मीप्रिया नंपूथिरी यांनी गुप्ता यांच्यासोबत अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा नावाच्या पेशींवर लक्ष केंद्रित केलं.

या ग्रॅन्युलोसा पेशी म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते. स्त्रीच्या अंडाशयात प्रत्येक बीजाभोवती या पेशींचं वेटोळं असतं. बाळंतिणीजवळ दाई बसावी तशा त्या बीजाजवळ बसलेल्या असतात. त्याला अन्न पुरवतात, मेंदूकडून आलेला संप्रेरकांचा निरोप ऐकतात आणि त्याप्रमाणे इस्ट्रोजेन तयार करतात. या पेशी बिघडल्या की बीज एकटं पडतं. ते पिकत नाही, पाळीचं चक्र डळमळतं.

बडोद्याच्या प्रयोगांत दिसलं ते असं. शिसं आणि कॅडमियम या पेशींपर्यंत पोहोचतात, आणि संप्रेरकांचा निरोप पेशीवर ज्या जागी टेकतो तिथंच अडथळा आणतात. निरोप नीट पोहोचला नाही की इस्ट्रोजेन तयार करणारी एन्झाइम्स मंदावतात. दोन धातूंत कॅडमियम जास्त घातक निघालं.

आणि एक गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी दिसली. दोन्ही धातू एकत्र दिले तर नुकसान दुप्पट होईल, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. एकत्र मात्रेचा परिणाम शिशापेक्षा जास्त आणि कॅडमियमपेक्षा कमी, असा मधला आला. यामागचं एक कारण असं मांडलं गेलं की दोन्ही धातूंना पेशीतल्या त्याच त्या जागा हव्या असतात. खुर्ची एक आणि बसणारे दोन, असा प्रकार. म्हणून विषांचा हिशोब नुसत्या बेरजेनं होत नाही. कोणतं विष, किती, कुठं पोहोचलं आणि तिथं कशाला चिकटलं, हे पाहावंच लागतं.

निपाणी ते चरोतर

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. त्यातले आकडे उचलून थेट माणसाला लावता येत नाहीत. पण ज्या दोन धातूंबद्दल हे काम आहे, ते आपल्या घरापासून लांब नाहीत.

तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानांत साठवतं. विडी किंवा सिगारेट ओढली की ते फुप्फुसातून रक्तात जातं. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातल्या किंवा बडोद्याजवळच्या चरोतरातल्या वाचकाला तंबाखूची ओळख करून द्यायला नको. पण विडीच्या धुरात निकोटिनसोबत हा धातूही असतो, हे अनेकांना माहीत नसतं. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात साठलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1993 मध्येच त्याला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

शिशाचं निराळं. ते हाडांत जाऊन बसतं. गरोदरपणी बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटायला लागलं की त्याच्यासोबत शिसंही सुटतं आणि वार ओलांडून बाळापर्यंत जातं. म्हणजे आईनं दहा वर्षांपूर्वी घेतलेलं शिसं आज बाळाला मिळू शकतं. भारतात 2000 साली पेट्रोलमधून शिसं हद्दपार झालं, घरगुती रंगांतल्या शिशावर 2016 च्या नियमांनी मर्यादा आली. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचे उद्योग अजून वस्त्यांच्या कडेला दिसतात.

केमोथेरपी त्याच पेशींवर घाव घालते

आता कॅन्सरकडे येऊ. केमोथेरपीची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरची गाठ अशीच वाढते. पण शरीरात भराभर वाढणाऱ्या इतरही पेशी असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत, रक्ताच्या मज्जेत. म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात. हे सगळ्यांना दिसतं.

न दिसणारं नुकसान अंडाशयात आणि वृषणात होतं. पिकायला लागलेल्या बीजाभोवतीच्या त्याच ग्रॅन्युलोसा पेशी वेगानं वाढत असतात. त्यामुळं केमोचं औषध त्यांनाही लागतं. सायक्लोफॉस्फामाइड आणि त्याच्या जातकुळीतली औषधं यात सगळ्यात कडक. ती झोपलेल्या बीजांनाही सोडत नाहीत.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच पूर्ण पिकून बाहेर पडतात. नवीन बीज तयार होत नाही. ठेव एकदाच मिळते, पुढं फक्त खर्च. केमो ती ठेव एका झटक्यात कमी करू शकते. वीस वर्षांच्या मुलीकडे शिल्लक जास्त असल्यानं ती बऱ्याचदा तरते, चाळिशीतल्या बाईची पाळी कायमची थांबण्याचा धोका जास्त. आणि उपचारानंतर पाळी परत आली म्हणजे ठेव पूर्वीइतकीच आहे, असंही नाही. पुरुषांत शुक्राणू पुन्हा पुन्हा तयार होतात, एका चक्राला साधारण अडीच महिने लागतात. पण ते तयार करणाऱ्या मूळ पेशीच मेल्या तर कारखानाच बंद पडतो.

कॅन्सरचं औषध आणि प्रजननसंस्था यांचं हे नातं बडोद्यात आणखी एका प्रयोगातून दिसतं. लेट्रोझोल हे स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं औषध इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही. नंपूथिरी यांच्या गटानं हेच औषध देऊन उंदरांमध्ये पीसीओएससारखी अवस्था निर्माण केली आणि तिच्यावर कोरफडीच्या गराचा परिणाम तपासला. हे काम 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. तो प्रयोग उंदरांवरचा होता. त्यामुळं घरच्या घरी कोरफड सुरू करून गोळ्या बंद करण्याचं ते कारण होत नाही. त्यातून कळतं ते इतकंच की एकीकडं उपचार असलेलं रसायन दुसरीकडं, दुसऱ्या अवयवात, बिघाड घडवू शकतं.

मग औषध फक्त गाठीतच का नेऊ नये?

हाच प्रश्न औषध-वहनाच्या शास्त्राचा. विष असो की औषध, ते कुठं पोहोचतं यावर सारं ठरत असेल, तर पोहोचण्याची जागाच बदलू.

सोपा मार्ग म्हणजे औषधाला वेष्टन घालणं. इंग्लंडच्या अ‍ॅलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की पेशींच्या आवरणात असते तसली चरबी पाण्यात मिसळली की तिचे आपोआप पोकळ बुडबुडे बनतात. यांना लायपोसोम म्हणतात. औषधाचे लायपोसोम केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढे असतात. करंजीत सारण भरावं तसं त्यांच्या पोटात औषध भरायचं. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून हे बुडबुडे सहजी बाहेर पडत नाहीत. पण कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, फटी असलेल्या असतात. तिथून ते झिरपतात. जपानच्या माएदा आणि मात्सुमुरा यांनी 1986 मध्ये हे मांडलं.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध गुणकारी, पण एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाला धोका. ते लायपोसोममध्ये भरल्यावर हृदयावरचा ताण कमी झाला आणि 1995 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण फुकट काहीच मिळत नाही. औषध हृदयात कमी गेलं, तर तळहात-तळपायांच्या त्वचेत जास्त उतरायला लागलं. तिथं लाली, आग, सालपटं निघणं हा नवा त्रास आला. विषाचा पत्ता बदलला, विष नाहीसं झालं नाही.

मराठी मुलखात या विषयाची पायवाट आधीच पडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी बुरशीच्या गंभीर आजारांवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध लायपोसोममधून देण्यावर काम केलं आणि ते भारतीय पेशंटच्या आवाक्यात आणलं. त्याच्याही आधी, पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात स्तनाचा कॅन्सर, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांचा संबंध उंदरांमध्ये शोधला होता. स्त्रीची संप्रेरकं आणि कॅन्सर हे दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत, हे त्यांच्या कामातूनही दिसत होतं.

बडोद्याच्या फार्मसी विभागात प्रा. अंबिकानंदन मिश्रा आणि प्रा. आर. एस. आर. मूर्ती यांच्या गटांनी हे काम पुढं नेलं. मूर्तींच्या गटानं इटोपोसाइड हे कॅन्सरचं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरलं, त्या कणांना किरणोत्सारी खूण लावली आणि गाठ असलेल्या उंदरांच्या शरीरात ते कुठं कुठं जातात, याचा माग काढला. 2005 च्या सुमारास आलेल्या या कामात दिसलं की तेच कण शिरेतून दिले, पोटात दिले किंवा त्वचेखाली दिले, तर गाठीपर्यंत पोहोचणारं प्रमाण बदलतं. औषध तेच, वेष्टन तेच. फक्त दार बदललं. मिश्रा यांच्यासह दुसऱ्या एका गटानं जेमसिटाबिन लायपोसोममध्ये भरून त्याची कोरडी पूड केली. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ती श्वासातून थेट फुप्फुसात नेता यावी, हा उद्देश. हे 2015 मधलं काम.

एरंडेलाची अडचण

शहरातल्या कंपन्याही यात होत्या. पॅक्लिटॅक्सेल हे स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरमधलं महत्त्वाचं औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेल तेलापासून केलेल्या एका द्रावणात देतात. एरंडीचं पीक म्हणजे गुजरातची मक्तेदारीच. पण याच द्रावणामुळं काही पेशंटना जोरदार अ‍ॅलर्जी येते, म्हणून सलाईन लावण्याआधी स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागतात. बडोद्याच्या तांदळजा भागात संशोधन केंद्र असलेल्या 'स्पार्क' या सन फार्माच्या भगिनी कंपनीनं हे द्रावण टाळून पॅक्लिटॅक्सेलचे अतिसूक्ष्म कण देण्याची पद्धत तयार केली.

2012 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. लायपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिनचा अमेरिकेत तुटवडा पडला, आणि तिथल्या औषध प्रशासनानं सन फार्माचं 'लिपोडॉक्स' तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली. पुढच्याच वर्षी सन फार्माच्या औषधाला तिथं रीतसर मान्यता मिळाली.

केमोच्या आधी काय विचारायचं?

या सगळ्याचा सामान्य घराला उपयोग काय? वेष्टनातलं औषध दिलं म्हणजे अंडाशय सुरक्षित, असं कुणीही धरून चालू नये. आजघडीला मूल होण्याची शक्यता वाचवण्याचे खात्रीचे उपाय केमो सुरू होण्याच्या आधीचे आहेत. म्हणून प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा.

मुलगा किंवा पुरुष असेल तर पहिल्या केमोआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. ते सोपं आहे आणि एक-दोन दिवसांत होतं. बाईच्या बाबतीत बीज किंवा गर्भ गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. रक्ताच्या कॅन्सरसारख्या आजारात तेवढी सवड मिळत नाही, पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया आणि केमो यांच्या मधल्या दिवसांत बऱ्याचदा मिळते. वयात न आलेल्या मुलीसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवण्याची पद्धत आहे. केमोच्या काळात अंडाशयाला 'झोपवणारं' इंजेक्शनही काही जणींना दिलं जातं. कुणाला काय लागू पडेल, हे कॅन्सरतज्ज्ञ आणि वंध्यत्वतज्ज्ञ मिळून ठरवतात. असं केंद्र निवडताना ते 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेलं आहे का, ते पाहावं. खर्चाचा अंदाज आधी लेखी मागावा.

उपचार चालू असताना गर्भ राहू नये, याची काळजी दोघांनी घ्यायची आणि उपचार संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने ती पाळायची. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर तिनं केमोच्या गोळ्या उघड्या हातानं हाताळू नयेत. केमोनंतर पहिले दोन दिवस पेशंटची उलटी, लघवी, खराब कपडे साफ करताना हातमोजे घालावेत. ही अंधश्रद्धा नाही आणि पेशंटला वाळीत टाकणंही नाही. त्याच्याजवळ बसायला, त्याला जवळ घ्यायला काहीच हरकत नाही. औषध शरीरातून बाहेर पडताना काही प्रमाणात जसंच्या तसं पडतं, एवढंच त्यामागचं कारण.

आणि केमो झाली, तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं, अशी परिस्थिती असेल तरी दार बंद झालं असं समजू नये. एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून आणि सोनोग्राफीतून अंडाशयातली शिल्लक किती, याचा अंदाज येतो. कितीतरी जणींना उपचारांनंतर नैसर्गिकरीत्या मूल झालेलं आहे.

शिशाचा कण असो की केमोचा थेंब, पेशीच्या दृष्टीनं दोन्ही बाहेरून आलेली रसायनं. एकाला वाट अडवायची असते, दुसऱ्याला वाट दाखवायची असते. त्यासाठी आधी वाट माहीत असावी लागते, आणि बडोद्यातल्या या प्रयोगशाळांनी तीच तपासत इतकी वर्षं घालवली. पुढचं काम दवाखान्यातलं आहे, आणि त्याची सुरुवात पेशंटनं किंवा घरच्यांनी विचारलेल्या एका प्रश्नानं होते.